कर्करोगपेशींचे वर्गीकरण आणि मास स्पेक्ट्रोमेट्री

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख १३ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९ लाख १७ हजार रुग्णांचा मृत्यू झाला. ओठ व मुखाच्या कर्करोगाचे नवे रुग्णच त्यांत जवळजवळ १ लाख ४४ हजार होते. आरोग्यविषयक नियोजनासाठी असे एकत्रित आकडे आवश्यक असतात; परंतु त्यांमुळे कर्करोग हा एकच रोग असल्याचा समज दृढ होतो. वस्तुतः कर्करोग हे शंभराहून अधिक विकारांचे सामाईक नाव आहे. उपचार कोणता करावयाचा हे या सामाईक नावावरून ठरत नाही. ते पेशीच्या प्रकारावरून ठरते.

फुप्फुसाच्या कर्करोगाचे उदाहरण घेता येईल. पेमेट्रेक्सेड हे औषध ग्रंथिपेशींपासून उद्भवणाऱ्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात उपयुक्त ठरते; चपट्या पेशींच्या स्क्वॅमस प्रकारात त्याचा लाभ होत नाही. स्तनाच्या कर्करोगात 'हर-२' हे प्रथिन पेशींवर अधिक प्रमाणात असेल तरच ट्रास्टुझुमॅब या औषधाचा उपयोग होतो. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध दीर्घकाळ सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेर होते. पेशीचा प्रकार ओळखण्यात चूक झाल्यास रुग्णाचा पैसा जातोच, शिवाय योग्य उपचाराचा काळही निघून जातो. त्यांपैकी काळाची भरपाई कोणत्याही विमा योजनेतून होत नाही.

पेशींचा प्रकार ठरविण्याचे काम आजही प्रामुख्याने विकृतिशास्त्रज्ञ करतात. गाठीचा छोटा तुकडा फॉर्मालिनमध्ये टिकवून, मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ छेद घेतले जातात, ते रंगविले जातात व सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. शंका उरल्यास विशिष्ट प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरली जातात. शतकाहून अधिक काळ तावून सुलाखून निघालेली ही पद्धत आहे. तिची एक मर्यादा मात्र आहे. एक प्रतिपिंड एकाच प्रश्नाचे उत्तर देते: अमुक प्रथिन येथे आहे किंवा नाही? जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचे उत्तर मिळत नाही. बायोप्सीचा तुकडा लहान असेल तर चार-सहा प्रश्नांतच तो संपून जातो. पेशीतील हजारो रेणूंचा एकाच वेळी अंदाज घेणारी पद्धत हवी, ही गरज येथून निर्माण झाली आणि शास्त्रज्ञांचे लक्ष मास स्पेक्ट्रोमेट्रीकडे वळले.

यंत्र काय मोजते?

मास स्पेक्ट्रोमीटर हा रेणूंचा तराजू होय. तो रेणूचे वजन थेट करीत नाही. रेणूला प्रथम विद्युत प्रभार देऊन त्याचा आयन बनविला जातो आणि विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रात तो कसा धावतो, वळतो वा आंदोलित होतो यावरून वस्तुमान व प्रभार यांचे गुणोत्तर काढले जाते. उड्डाणकालावर आधारलेल्या यंत्रात ही क्रिया सहज समजण्याजोगी आहे. २० हजार व्होल्टचा विद्युतदाब देऊन सोडलेला, एक प्रभार असलेला १,००० डाल्टनचा आयन एक मीटर लांबीची निर्वात नळी सुमारे १६ मायक्रोसेकंदांत पार करतो. ४,००० डाल्टनच्या आयनाला ३२ मायक्रोसेकंद लागतात. वस्तुमान चौपट झाले की वेळ दुप्पट होतो. हलके आधी पोहोचतात, जड मागाहून येतात आणि त्यांच्या येण्याची नोंद म्हणजे वर्णपट.

जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगशाळेत या तंत्राचा पाया घातला गेला. फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये पहिला उत्तम मास स्पेक्ट्रोग्राफ तयार केला व १९२२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर सुमारे साठ वर्षे हे यंत्र भौतिकी व रसायनशास्त्रापुरते मर्यादित राहिले, कारण प्रथिनांसारखा मोठा व नाजूक रेणू न मोडता वायुरूपात आणणे शक्य नव्हते. ही अडचण १९८० च्या दशकात दूर झाली. अमेरिकेत जॉन फेन यांनी प्रभारित सूक्ष्म थेंबांचा, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रेचा मार्ग दाखविला. जपानमधील शिमाझू कंपनीचे अभियंते कोइची तानाका यांनी लेझरच्या साहाय्याने प्रथिने अखंड उडवून दाखविली. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला. आज प्रयोगशाळांत रूढ असलेली 'मालडी' ही लेझर पद्धत मात्र जर्मनीतील कारास व हिलेनकांप यांची आहे. त्यांना वगळल्याबद्दल बरीच चर्चा झाली. पारितोषिकाचा उरलेला अर्धा भाग कुर्ट व्यूथ्रिख यांना एनएमआर या दुसऱ्या तंत्रासाठी देण्यात आला. लखनौमध्ये ही दोन्ही तंत्रे नांदत असल्याने ही गोष्ट येथे नोंदवून ठेवणे इष्ट होय.

प्रथिनांचा अभ्यास करताना ती सहसा अखंड तपासली जात नाहीत. ट्रिप्सिन हे विकर प्रथिनसाखळीला लायसिन व आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर छेदते. त्यातून मिळालेले लहान तुकडे म्हणजे पेप्टाइडे यंत्रात जातात. तेथे त्यांचे वजन होते, ती पुन्हा मोडली जातात आणि तुकड्यांच्या वजनांवरून अमिनो आम्लांचा क्रम जुळविला जातो. मानवी जनुकसंचाचा आराखडा उपलब्ध झाल्यामुळे कोणत्या प्रथिनातून कोणते तुकडे निघू शकतात याची यादी संगणकाजवळ तयार असते. यंत्रातील नोंद त्या यादीशी ताडून पाहिली जाते.

लखनौ: विड्याच्या पानांची वर्गवारी

केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १७ फेब्रुवारी १९५१ रोजी लखनौच्या छत्तर मंझिल या नबाबी प्रासादात झाले. गोमतीकाठच्या या वास्तूत अनेक दशके काढल्यानंतर संस्था सीतापूर मार्गावरील जानकीपुरम विस्तारात गेली. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात देशात प्रादेशिक उपकरण केंद्रे उभारली. त्यांपैकी एक या संस्थेत होते व आज ते 'सैफ' या नावाने ओळखले जाते. एखाद्या विद्यापीठाला परवडणार नाही असे यंत्र सरकारने एका ठिकाणी ठेवावे आणि माफक शुल्क घेऊन बाहेरच्या संशोधकांचे नमुने तपासून द्यावेत, अशी ही व्यवस्था होय. त्या काळच्या भारतीय रसायनशास्त्रीय शोधनिबंधांत 'जिओल एसएक्स १०२' या यंत्रावर लखनौ येथे वर्णपट घेतल्याचा उल्लेख वारंवार आढळतो. कुपीत भरलेली चिमूटभर पूड टपालाने लखनौला जाई आणि वर्णपटाचा कागद परत येई. शेकडो प्रबंध या व्यवस्थेच्या आधाराने पूर्ण झाले.

याच संस्थेत पुढे 'डार्ट' हे तंत्र आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तंत्रात नमुना निर्वात कक्षात ठेवण्याची किंवा द्रावणात विरघळविण्याची गरज नसते. तापविलेल्या उत्तेजित हेलियमच्या झोतासमोर पान नुसते धरले तरी वर्णपट मिळतो. लखनौच्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विड्याच्या पानांचे स्थानिक बाजारात मिळणारे आठ वाण या पद्धतीने तपासण्यात आले. पानांतील फिनॉल व टर्पिन वर्गातील रसायनांचे प्रमाण वाणागणिक बदलते. प्रत्येक वर्णपटातील असंख्य शिखरांतून नेमका फरक शोधण्यासाठी प्रधान घटक विश्लेषण ही संख्याशास्त्रीय पद्धत वापरली गेली व वाण एकमेकांपासून वेगळे ओळखता आले.

कर्करोगाशी या पानांचा संबंध काय, असा प्रश्न येथे उद्भवेल. विड्यातील दोष पानाचा नसून तंबाखूचा व सुपारीचा आहे. सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केलेला आहे. परंतु येथे महत्त्व आहे ते वर्गीकरणाच्या रीतीला. पानांच्या वाणांना नावे यंत्राने दिली नाहीत. ती पानमळेवाल्यांनी पूर्वीच दिलेली होती. नावे माहीत असलेली पाने यंत्रासमोर धरली गेली, म्हणून वर्णपटांना अर्थ आला. कर्करोगाच्या पेशींबाबतही नेमके हेच घडते. यंत्राला वजन कळते, नाव कळत नाही. नाव विकृतिशास्त्रज्ञाकडून यावे लागते आणि ते चुकले तर यंत्र तीच चूक अतिशय अचूकपणे पुन्हा पुन्हा करीत राहते.

पेशीची ओळख

कर्करोगाच्या ऊतींवर ही रीत निरनिराळ्या अंगांनी वापरली गेली आहे. सर्वांत व्यापक प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने चालविलेल्या 'सीप्टॅक' या प्रकल्पात झाला. जनुकीय अभ्यास आधीच झालेल्या गाठींमधील प्रथिनांची मोजणी त्यात करण्यात आली. २०१४ मध्ये मोठ्या आतड्याच्या ९५ गाठींचा, तर २०१६ मध्ये स्तनाच्या १०५ व अंडाशयाच्या १६९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आतड्याच्या अभ्यासातून निघालेला एक निष्कर्ष विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. जनुकाकडून निघणाऱ्या संदेशाचे म्हणजे आरएनएचे प्रमाण मोजून त्यानुसार प्रथिन किती असेल हे खात्रीने सांगता येत नाही. प्रथिनांवरून त्या गाठींचे पाच उपप्रकार पडले आणि ते आरएनएवरून पडलेल्या उपप्रकारांशी पूर्णपणे जुळले नाहीत. औषधे बहुधा प्रथिनांवर काम करतात, त्यामुळे हा फरक केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

शस्त्रक्रियागृहात मात्र प्रथिने मोजण्याइतका वेळ नसतो. गाठ संपूर्ण निघाली किंवा नाही हे शल्यविशारदाला काही मिनिटांत कळावे लागते. तेथे पेशीच्या आवरणातील मेद उपयोगी पडतात, कारण ते झटकन आयनरूप घेतात आणि त्यांची घडण पेशीप्रकारानुसार बदलते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने २००४ मध्ये विकसित केलेल्या 'देसी' तंत्राने या मार्गाची सुरुवात झाली. लंडनच्या इंपीरिअल कॉलेजमधील झोल्टान टाकाच यांनी विद्युत चाकूने ऊती कापताना निघणारा धूरच यंत्रात नेला. आधी ३०२ रुग्णांच्या ऊतींचा संदर्भसंग्रह तयार करून नंतर ९१ रुग्णांच्या शस्त्रक्रियांत हा चाकू वापरण्यात आला आणि त्याने दिलेली ऊतींची ओळख पुढे झालेल्या निदानाशी जुळली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेक्सास विद्यापीठात लिव्हिया एबर्लिन यांच्या गटाने २०१७ मध्ये पाण्याच्या एका थेंबाने ऊतींतील रेणू टिपणारी लेखणी तयार केली. २५३ नमुन्यांवर तिची अचूकता ९६ टक्के आढळली. ही साधने चाचण्यांमधून पुढे जात आहेत. सर्वसाधारण रुग्णालयांत त्यांचा सर्रास वापर सुरू झालेला नाही.

गाठ म्हणजे एकजिनसी गोळा नव्हे. तिच्यात कर्करोगपेशींबरोबर रक्तवाहिन्यांच्या, संयोजी ऊतींच्या व प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात. सर्व एकत्र वाटून मोजले तर सरासरी तेवढी मिळते, आणि सरासरीत काय काय लपते हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दरडोई उत्पन्नावरून ठाऊक असतेच. एकेक पेशी स्वतंत्रपणे तपासण्याची युक्ती टोरांटो येथील शास्त्रज्ञांनी काढली. प्रतिपिंडांना रंगाऐवजी लँथॅनाइड गटातील दुर्मीळ धातूंचे अणू जोडले जातात. हे धातू शरीरात जवळजवळ नसतातच, त्यामुळे यंत्रात त्यांची नोंद झाली की ती प्रतिपिंडाचीच असते. पेशी एकामागून एक प्लाझ्माच्या ज्वालेत जाते, जळते आणि तिच्यावर कोणते धातू होते ते मोजले जाते. २०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने या मार्गाने मानवी अस्थिमज्जेतील प्रत्येक पेशीची ३४ लक्षणे एकाच वेळी मोजली. रक्ताच्या कर्करोगात औषधांना दाद न देणाऱ्या थोड्या पेशी कोणत्या, हा प्रश्न त्यामुळे अभ्यासाच्या कक्षेत आला.

शंभर टक्क्यांचा मोह

या क्षेत्राचा इतिहास केवळ यशाचा नाही. फेब्रुवारी २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अंडाशयाचा कर्करोग असलेल्या ५० स्त्रिया आणि तो नसलेल्या ६६ स्त्रिया यांच्या रक्तद्रवाचे वर्णपट संगणकाने तपासले. सर्व ५० रुग्ण ओळखले गेले. ६६ पैकी ६३ निरोगी ठरल्या. संवेदनशीलता १०० टक्के, विशिष्टता ९५ टक्के. उशिरा लक्षात येणाऱ्या या रोगासाठी एक थेंब रक्त पुरेल, अशी आशा निर्माण झाली आणि व्यापारी चाचणीची तयारी सुरू झाली.

येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. अभ्यासात चाचणीने ५० + ३ म्हणजे ५३ स्त्रियांना रोगी ठरविले, त्यांपैकी ५० खरोखर रोगी होत्या. म्हणजे 'रोग आहे' हे उत्तर ९४ टक्के वेळा खरे ठरले. परंतु अभ्यासात दर शंभरांत त्रेचाळीस स्त्रिया रोगी होत्या. समाजात असे नसते. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हे प्रमाण साधारणपणे २,५०० मध्ये एक असे धरले जाते. अशा एक लाख स्त्रियांची चाचणी केली तर ४० रोगी सापडतील. आणि निरोगी ९९,९६० पैकी ५ टक्के, म्हणजे ४,९९८ स्त्रियांनाही रोगी ठरविले जाईल. एकूण ५,०३८ पैकी खऱ्या रोगी केवळ ४०. 'रोग आहे' हे उत्तर आता १०० पैकी एकदाही धड खरे ठरत नाही. अंडाशयाबाबतची शंका बहुधा शस्त्रक्रियेनेच फिटते, हे लक्षात घेतले म्हणजे या ४,९९८ चा अर्थ कळतो. यंत्र तेच, अचूकता तीच. बदलला तो केवळ आधारभूत दर.

अधिक गंभीर आक्षेप दुसराच होता. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन केंद्रातील कीथ बॅगर्ली व त्यांचे सहकारी या संख्याशास्त्रज्ञांनी मूळ संशोधकांनी जाहीर केलेली आकडेवारी पुन्हा तपासली आणि २००४ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोगी व निरोगी यांना वेगळे करणारी काही शिखरे वर्णपटाच्या अशा भागात होती, जेथे यंत्राच्या गोंगाटाशिवाय फारसे काही नसते. नमुने हाताळण्यातील व यंत्र चालविण्यातील फरक रोगाचा फरक म्हणून नोंदला जात असावा, असे त्यातून दिसले. रोग्यांचे नमुने एका दिवशी आणि निरोग्यांचे दुसऱ्या दिवशी तपासले तर संगणक दिवस ओळखतो, रोग नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा चाचणीला पूर्वमान्यता लागेल असे कळविले व ती चाचणी बाजारात आली नाही. मूळ आकडेवारी संशोधकांनी सर्वांसाठी खुली केली होती म्हणूनच ही तपासणी होऊ शकली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

जेथे पद्धत रुळली

रुग्णालयात मास स्पेक्ट्रोमेट्री स्थिरावली ती मर्यादित व नेमक्या प्रश्नांपुरती. जंतूंची ओळख हे त्याचे ठळक उदाहरण. जंतूंच्या वसाहतीचा ठिपका लेझरखाली ठेवून मिळालेला वर्णपट हजारो ज्ञात जंतूंच्या संग्रहाशी ताडला जातो आणि पूर्वी एक-दोन दिवस लागणारे उत्तर काही मिनिटांत मिळते. अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळालेली ही पद्धत भारतातील अनेक मोठ्या रुग्णालयांत वापरात आहे.

कर्करोगाला अगदी लागून असलेले दुसरे उदाहरण अमिलॉइड विकाराचे. हृदय, मूत्रपिंड इत्यादी अवयवांत घडी चुकलेल्या प्रथिनाचे थर साचतात. असे थर तीसहून अधिक प्रथिनांचे होऊ शकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सारखेच दिसतात. थर प्लाझ्मा पेशींनी तयार केलेल्या प्रथिनाचे असतील तर केमोथेरपी द्यावी लागते. ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचे असतील तर केमोथेरपी निरुपयोगी आणि घातकही ठरते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने लेझरने तेवढाच थर कापून त्याचे प्रथिन मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखण्याची पद्धत २००९ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती प्रमाणभूत मानली जाते.

अर्थशास्त्रात याला माहितीचे मूल्य म्हणतात. चाचणीच्या निकालाने उपचार बदलण्याची शक्यता किती आणि बदलल्यास लाभ किती, यांच्या गुणाकारावर ते ठरते. दोन रोग दिसण्यात सारखे पण उपचारांत भिन्न असतील तेथे महाग चाचणीही स्वस्त पडते. प्रकार भिन्न ठरूनही औषध तेच द्यावयाचे असेल, तर तोच खर्च संशोधनाच्या खात्यात जमा केला पाहिजे, रुग्णाच्या नव्हे. आरोग्य संशोधन विभागांतर्गत २०१७ पासून कार्यरत असलेली आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन यंत्रणा असेच प्रश्न विचारण्यासाठी निर्माण झालेली आहे.

भारतीय रुग्ण, भारतीय नमुने

परदेशात तयार झालेला संदर्भसंग्रह भारताला जसाच्या तसा पुरेल असे नाही. पाश्चात्त्य देशांत डोके व मानेच्या कर्करोगांत जिभेचे, घशाचे व त्यांतही विषाणुजन्य रोगाचे प्रमाण मोठे आहे. भारतात तंबाखू चघळण्यामुळे गाल व हिरडी यांमधील भागाचा कर्करोग प्रामुख्याने आढळतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुकसंच प्रकल्पात भारताने हाच कर्करोग निवडला. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकसंच संस्था आणि नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संस्था यांनी २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रथिनांच्या बाजूने टाटा स्मारक केंद्र व मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांनी २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेशी सामंजस्य करार केला.

लखनौमध्ये या रोगाचा अभ्यास मुख्यत्वे एनएमआरच्या मार्गाने झाला. संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या परिसरातील जैववैद्यकीय संशोधन केंद्र आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ यांतील संशोधकांनी मुखाचा कर्करोग व त्याआधी दिसणारा ल्यूकोप्लाकिया हा पांढरा चट्टा यांतील फरक रक्तद्रवातील लहान रेणूंवरून ओळखता येतो का, याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. एनएमआरमध्ये नमुना नष्ट होत नाही व मोजणी पुन्हा तशीच येते. मास स्पेक्ट्रोमीटर त्याहून कितीतरी सूक्ष्म प्रमाणातील रेणू पकडतो. दोन्ही तंत्रे एकमेकांना पूरक मानली जातात.

आता लखनौचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. औषध संशोधन संस्था शहराच्या उत्तरेला सीतापूर मार्गावर, वैद्यकीय विद्यापीठ जुन्या शहरात चौकालगत, संजय गांधी संस्था दक्षिणेला रायबरेली मार्गावर आणि कल्याणसिंह अतिविशेष कर्करोग संस्था सुलतानपूर मार्गाकडे. यंत्रे आणि रुग्ण एकाच शहरात आहेत, पण एका छताखाली नाहीत. रसायनशास्त्राच्या पुडीला हे अंतर जाणवत नव्हते. जिवंत ऊतींचे तसे नाही. गाठीचा रक्तपुरवठा तुटल्यापासून काही मिनिटांतच प्रथिनांवरील फॉस्फेटच्या खुणा बदलू लागतात. प्रथिनांचे एकूण प्रमाण मात्र तासाभरात फारसे बदलत नाही. नमुना तत्काळ गोठवावा लागतो, उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो आणि गोठलेल्या स्थितीतच न्यावा लागतो. त्यासाठी शस्त्रक्रियागृहाच्या दारात वेळ नोंदविणारा प्रशिक्षित माणूस उभा लागतो.

सामायिक यंत्रांची भारतीय व्यवस्था मुळात टपालाने जाणाऱ्या नमुन्यांसाठी आखली गेली, ही गोष्ट धोरणकर्त्यांच्या ध्यानात फारशी आलेली दिसत नाही. उच्च क्षमतेच्या यंत्राची किंमत काही कोटी रुपये असते. देखभाल करार, शुद्ध वायू व अखंड वीज यांचा खर्च दरवर्षी होतो. स्थिर खर्च इतका मोठा असल्याने यंत्र जितके अधिक चालेल तितका प्रत्येक नमुन्यामागचा खर्च कमी होतो. म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये देशातील सार्वजनिक निधीतून घेतलेल्या उपकरणांची माहिती व आरक्षण यांसाठी 'आय-स्टेम' हे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू करण्यात आले, आणि 'साथी' योजनेखाली बनारस हिंदू विद्यापीठासह काही संस्थांत सामायिक केंद्रे उभारण्यात आली. यंत्राची वेळ त्यामुळे मिळू शकते. गोठवलेली गाठ वेळेवर यंत्रापर्यंत पोहोचविणे हा त्या योजनांचा विषय नाही.

यातून एक मार्ग जुन्याच पद्धतीने खुला केला आहे. मेणात बसविलेल्या ऊतींमधूनही पेप्टाइडे काढून त्यांची मोजणी करणे गेल्या दोन दशकांत शक्य झाले आहे. मेणठोकळ्याला शीतपेटी लागत नाही. तो साध्या तापमानाला वर्षानुवर्षे टिकतो आणि मोठ्या रुग्णालयांच्या विकृतिशास्त्र विभागांत असे ठोकळे कपाटे भरून ठेवलेले असतात. फॉस्फेटच्या खुणांसारखी नाजूक माहिती त्यातून खात्रीने मिळत नाही, पण पेशीचा प्रकार ठरविण्यास पुरेशी प्रथिने मिळतात. ठोकळ्यावर क्रमांक असतो. रुग्णाला कोणता उपचार दिला गेला, गाठ पुन्हा उद्भवली काय, तो किती वर्षे जगला, ही माहिती मात्र दुसऱ्याच विभागाच्या नोंदवहीत असते, किंवा रुग्ण गावी परतल्यानंतर कुठेच नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१-८२ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. ठोकळ्याचा क्रमांक व नोंदणीचा क्रमांक एकमेकांना जोडण्यासाठी यंत्राची गरज नाही. रुग्णाची संमती, संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आणि नोंदी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन एवढेच त्यासाठी लागते. संशोधन प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात यंत्राखाली कोट्यवधींची तरतूद असते. या कर्मचाऱ्याचे पद बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरते, म्हणजे तीन वर्षांचे असते, आणि कर्करोगाच्या रुग्णाचा पाठपुरावा किमान पाच वर्षे करावा लागतो.